तिसरं बटण

प्रिय फूटपट्टी,

‘प्रिय’ हा शब्द हाताच्या सवयीने पडला. खोडला तर डाग दिसेल आणि नवा कागद घ्यायला उठावं लागेल. तुझ्यासाठी तेवढंही उठायची माझी तयारी नाही, म्हणून राहू दिलाय. लहानपणीचं नाव मात्र मुद्दाम घातलं. अहवालाच्या पहिल्या पानावर तुझ्या नावाच्या मागेपुढे बरीच अक्षरं लागलेली पाहिली, पण माझ्या लेखी तू अजून तोच आहेस, आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप पळवून मांजरीच्या शेपटीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत सगळं मोजत सुटणारा काडीपैलवान. तेव्हा तुझी मोजमापं कुणाला लागत नव्हती. आता लागतात.

गेल्या रविवारी बागायतदार सोसायटीच्या सभेत बागेच्या मोजणीचा तुझा अहवाल वाचला. बाबा पहिल्या रांगेत होते. कानाला कमी येतं म्हणून, आणि दुसरं म्हणजे त्यांना वाटत होतं की आज आपल्या सव्वीस वर्षांच्या नोंदींबद्दल कुणीतरी दोन शब्द बोलेल. सकाळी स्वतः शर्टाला इस्त्री केली. मला हात लावू दिला नाही. सेक्रेटरींनी बाकीचं भराभर वाचलं आणि मग तुझं ते वाक्य आलं. “जुन्या तुकड्यातील खोडांच्या घेराच्या नोंदी जाणीवपूर्वक वाढवून दाखवल्याची शक्यता नाकारता येत नाही.” सेक्रेटरी खाकरले. मागून कुणीतरी ओरडलं, ऐकू नाही आलं, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. म्हणजे ज्या माणसाने तुला दोन्ही हात धरून चालायला शिकवलं, त्याने स्वतःच्या मुलाच्या शब्दांत ‘लबाड’ हे दोनदा ऐकलं, भर सभेत, इस्त्रीचा शर्ट घालून.

बाबा उठले. टेबलाची कड धरावी लागली त्यांना. “बरं,” एवढंच म्हणाले आणि घरी आले. त्यांच्यामागे सभेने ठराव केला. जुना तुकडा इतकी वर्षं राखला होता तो नोंदींसाठी. इतकी सलग मोजणी दुसऱ्या कुठल्या बागेत नाही, असं तुझीच संस्था म्हणायची. आता नोंदीच खोट्या, तर झाडं कशाला ठेवायची? येत्या वीस तारखेला मशीन येणार आहे. नाशपातीची एकेचाळीस झाडं मुळासकट उपटायची, ढीग लावायचा, पेटवून द्यायचा आणि तिथे दाटीने बुटकी रोपं लावायची. आज अकरा तारीख आहे. टपालाला तीन दिवस धर आणि उरलेले तूच मोज, तुझा हात चांगला आहे मोजण्यात.

तू मोजणीला आलास तेही सांगते, कारण तुझ्या अहवालात ते नाही. आलास, दोन दिवस राहिलास, पण सोसायटीच्या गेस्ट हाऊसवर. तिथून आपलं घर शंभर पावलांवर, बागेच्या कोपऱ्यात, तेच दोन खोल्यांचं, माळ्याला दिलेलं. मी दोन्ही दिवस तुझं ताट वाढून झाकून ठेवलं आणि दोन्ही दिवस संध्याकाळी ते मीच खाल्लं. तुझ्यासोबतची ती मातीचे नमुने काढायची नळी घेऊन फिरणारी मुलगी मात्र दोनदा चहाला आली. काका काका करत बाबांना विचारत होती, एवढी काळी माती कशी काय हो? आणि तू? तू बागेत, चार माणसांसमोर, आपल्या बापाला म्हणालास, “आपण या नोंदी कुठल्या पद्धतीने घेतल्यात?” ‘आपण’! मी फांद्यांचा भारा उचलत होते, तो हातातून सुटला. बाबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “पद्धत साधीच आहे, साहेब.” साहेब म्हणाले ते तुला. तेव्हा तुला काही वाटलं का? वाटलं असलं तरी दिसलं नाही. तू वहीत काहीतरी लिहीत होतास.

नातं आड येऊ नये म्हणून असा वागलास, असं तू म्हणशील. मला ते पटत नाही. मला वाटतं तू उट्टं काढलंस. अकरा वर्षांपूर्वी नवी कोरी पदवी घेऊन तू याच सोसायटीसमोर उभा राहिलास आणि जुनी झाडं काढा, फळ कमी देतात, असं ठोकून दिलंस. तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, “ह्याला अजून झाड कळलेलं नाही.” लोक हसले. तू त्याच दिवशी बॅग भरलीस. ते हसणं तू अकरा वर्षं पोटात ठेवलंस आणि योग्य जागा बघून बाहेर काढलंस. चुकत असेन तर तसं लिही. तुझ्याकडून एखादं पत्र तरी येईल.

आणि गंमत बघ, तेव्हा जे तुला कळलं नव्हतं तेच आता तू छापून पाठवलंस. पान सात मी तीनदा वाचलं. झाड हवेतून कार्बन घेतं, त्याचं खोड, फांद्या, मुळं करतं. फळात गेलेला फळ खाणाऱ्याच्या श्वासातून परत हवेत जातो, पण खोडात गेलेला झाड उभं असेपर्यंत तिथेच राहतो. पानं, गवत, छाटणीच्या काड्या जमिनीवर कुजल्या की त्यातला काही मातीत उतरतो, आणि जमीन नांगरली नाही तर तो वर्षानुवर्षं टिकतो. जुन्या तुकड्याच्या मातीत नव्या बागेपेक्षा दीडपट जास्त सापडला, हेही तूच लिहिलंस. अरे शहाण्या, कार्बन हा शब्द बाबांच्या तोंडात नव्हता तेव्हापासून ते हे करत आलेत! झाड मातीतून नाही, हवेतून जाड होतं, हे त्यांनी आपल्याला कुंडीतल्या रोपावर दाखवलं होतं. कुंडीतली माती आधी तोलली, तीन वर्षांनी परत तोलली. माती जवळपास तेवढीच आणि रोप तुझ्या खांद्याला लागलेलं. तू म्हणालास, काटा बिघडलाय. छाटणीच्या काड्या जाळायच्या नाहीत म्हणून ते सोसायटीशी भांडले. बारीक तुकडे करून झाडांखाली पसरायला लावायचे आणि आपल्या दोघांच्या तळहातांना फोड यायचे. गवत उपटायचं नाही, नांगर तर बघायचाही नाही. लोक म्हणायचे, माळी आळशी आहे. ती काळी माती त्या आळसाची आहे. त्या मुलीला बाबांनी हे सगळं सांगितलं असतं, पण तू तिला हाक मारून पुढच्या झाडाकडे नेलंस.

आता मोजणीकडे येते. तुझ्या संस्थेत मोजायची उंची आकड्यात सांगतात. आपल्या घरात ती उंची म्हणजे बाबांच्या शर्टाचं तिसरं बटण. विसरला नसशील. आईने शिवलेले शर्ट, सगळ्यांची बटणं एका अंतरावर, त्यामुळे शर्ट कुठलाही असो, माप तेच. बाबा खोडाला टेकून सरळ उभे राहायचे, तिसरं बटण जिथे येईल तिथली सुटी साल तारेच्या ब्रशने खरवडून साफ करायचे आणि तिथे टेप गुंडाळायचे. मी पलीकडून टेपचं टोक धरून आणून द्यायची. तू आकडा वाचायचास, बाबा लिहायचे. तू सात-आठ वर्षांचा असताना एकदा स्वतःचं तिसरं बटण खोडाला लावून बघितलंस. ते बाबांच्या बटणाच्या हातभर खाली आलं. तू रडायला लागलास. बाबा म्हणाले, थांब, येईल वर, घाई कशाला. आई गेल्यावर शर्ट मी शिवते, तिच्याच मापाने. टेप धरायलाही मीच असते, कारण आकडा वाचणारा निघून गेला.

तू गेलास त्यानंतर दुसऱ्या वर्षी बाबा शिडीवरून पडले. मी तुला लिहिलं होतं, पाठीला जरा लागलंय. तू कुरियरने मलम पाठवलंस. मणका चेपला होता. ‘जरा’ हा शब्द बाबांनी घालायला लावला होता आणि मी घातला, पण तू तो तसाच गिळलास. एक फोन करून विचारलं नाहीस की जरा म्हणजे किती. त्या वर्षापासून बाबा वाकत चाललेत. एकदम नाही, दरवर्षी थोडे थोडे. आणि माणूस वाकला की त्याचं बटणही खाली येतं. आलं ना लक्षात, मोठ्या संस्थेच्या मोठ्या माणसा? खोड खाली जाडच असतं. टेप दरवर्षी बोटभर खाली जात होती आणि आकडा वाढत होता. तू अहवालात आलेख काढलायस, गेल्या नऊ वर्षांत म्हाताऱ्या झाडांची वाढ अचानक कशी वेगाने झाली म्हणून. ती वाढ झाडांची नाही. तो आपल्या बापाच्या पाठीचा आलेख आहे. तू दोन दिवस त्यांच्यासमोर उभा होतास. झाडांच्या खोडांवर एकाखाली एक नऊ खरवडलेले पट्टे आहेत, शिडीच्या पायऱ्यांसारखे, तेही तुला दिसले नाहीत. एकदा मान वर करून त्या माणसाकडे नीट बघितलं असतंस तर ते वाक्य लिहिताना तुझा हात अडखळला असता.

मला दिसत होतं. टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात असायचं. पडल्यानंतर तिसऱ्या वर्षी बाबांनी मागच्या वर्षीच्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, “हा वर कसा गेला?” मी म्हणाले, “झाड वाढलं, बाबा.” झाड वाढतं म्हणून खोडावरची खूण वर सरकत नाही, हे मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे. झोपाळ्याच्या कडीवरून त्यांनीच शिकवलं. झाड शेंड्याला उंच होतं, कडी जन्मभर आहे तिथेच राहते. त्यांनी पट्ट्यावरचं बोट काढलं. मग म्हणाले, “हो का,” आणि लिहायला वळले. काय सांगायला हवं होतं मी? झाड नाही, तुम्ही कमी झालात, असं? तू असतास तर सांगितलं असतंस. तुझी जीभ तेवढी धारदार आहे. माझी नाही झाली.

सभेपासून ते बोलत नाहीत. पॅकिंग शेडमध्ये रिकाम्या खोक्यावर बसून राहतात. ह्या उकाड्यात अंगात स्वेटर असतो, तो डोक्यातून घालायचा, बिनबटणाचा. मी काढायला सांगितला तर म्हणाले, असू दे. तारेचा ब्रश त्यांनी खिळ्यावरून काढून माळ्यावर टाकलाय. परवा सेक्रेटरी आले होते, मशीनला आत यायला कुंपण कुठून तोडायचं ते विचारायला. बाबांनी बोटाने जागा दाखवली.

तर ते वाक्य तू मागे घ्यायचंस, आणि तेही चिठ्ठीने नाही. छापून, सही करून, त्याच सभेसमोर. नाहीतर मी स्वतः तुझ्या संस्थेच्या दारात येऊन बसेन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन की हा तो, ज्याला माती तोलता येते पण बाप ओळखता येत नाही. नऊ वर्षांचे आकडे तारखांसकट इथे उतरवून तुझ्या तोंडावर मारते. थांब, मूळ वही घेऊन येते.

हे पुढचं दुसऱ्या दिवशी लिहितेय. काल वही आणायला उठले ती परत कागदाकडे आलेच नाही.

वरचं सगळं फाडून टाकावं असं वाटलं होतं. फाडत नाही. तुझ्या वाट्याचं तुला मिळायलाच हवं, आणि ताट झाकून ठेवल्याचा राग अजून गेलेला नाही. पण आता माझ्या वाट्याचं ऐक. संस्थेचा फॉर्म आला तेव्हा बाबांची वही मी उतरवून काढली होती, माझ्या अक्षरात. त्यांचं अक्षर आता थरथरतं, कुणाला लागणार नाही म्हणून. तुझ्याकडे आली ती माझी नक्कल. तू मूळ वही मागितली नाहीस, मी दिली नाही. बाबांच्या वहीत गेल्या नऊ वर्षांच्या आकड्यांपुढे ठिपके आहेत. पहिल्या वर्षी एक, मग दोन, तीन, असे करत शेवटच्या वर्षी नऊ. उतरवताना मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची सवय, आकड्यापुढे कुणी काही वाढवू नये म्हणून ओळ भरून टाकतात. फॉर्मवर ठिपक्यांना रकाना नव्हता. मी गाळले. काल वही चाळताना शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत त्यांच्या अक्षरात ओळ सापडली. “एक ठिपका म्हणजे बटण एक बोट खाली. आकडा त्या हिशोबाने कमी धरावा. मोठीला सांगू नये, तिला वाईट वाटेल.”

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. मी ‘झाड वाढलं’ म्हणाले, त्यांनी ‘हो का’ म्हटलं, आणि मला सांभाळून घेत खरं तेच लिहून ठेवलं. सव्वीस वर्षांत एकही आकडा खोटा नाही. खोटी आहे ती माझी सुबक नक्कल. सभेत ते उभे राहून सांगू शकले असते की मुलीने ठिपके गाळले. ते ‘बरं’ म्हणाले. जाणीवपूर्वक नसेल, पण वाढवून दाखवलं ते मी. अहवालात दुरुस्ती करशील तेव्हा माळ्याची थोरली मुलगी असं स्पष्ट लिही. तुझ्यावर एवढं तोंड टाकल्यावर मला त्यातून सुटायचं नाही. मशीन थांबवायला नुसता तुझा शब्द किंवा माझी कबुली पुरणार नाही, सेक्रेटरींशी मी आज सकाळीच बोलून आले. ते म्हणाले, वीस तारखेच्या आत कुणीतरी जुन्या, पहिल्या खुणेवर पुन्हा मोजून दाखवा, ठिपक्यांचा हिशोब जुळला तर मशीन परत पाठवतो. पहिली खूण जिथे होती तिथली साल आता भरून आलीय, नऊ पट्ट्यांच्या वर कुठेतरी ती आहे. बाबांना तिथवर सरळ होता येत नाही आणि माझं बटण तिथे पोचत नाही. आता वहीतली अगदी शेवटची नोंद उतरवते, ह्यावेळी काही न गाळता. तू येऊन गेलास त्या तारखेची आहे, आकडा नाही, ठिपकाही नाही. “मुलगा आला होता. झाडाला टेकून लिहीत होता. त्याचं तिसरं बटण बरोबर जुन्या खुणेवर येतं.” ब्रश मी माळ्यावरून काढून ठेवलाय. टेप घरात आहे. तू फक्त ये, आणि येताना बटणांचा शर्ट घालून ये.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई